तुला सवय आहे

३ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हॉस्पिटलच्या पत्त्यावर लिहीत आहे. पत्र पुरुषांच्या वॉर्डात पोचेल, असं तिथे फोन घेणाऱ्या बाईंनी सांगितलं. मी तुझा भाऊ म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "सिस्टरना भाऊ आहे?" असो.

अप्पांना गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला अर्धांगाचा झटका आला. सकाळी दाढी करत होते, हातातून वस्तरा पडला. उजवं अंग गेलं. वाचाही गेल्यात जमा आहे, एखादं अक्षर निघतं. बारा दिवसांनी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मागच्या खोलीत पलंग लावला आहे. सगळं अंथरुणातच होतं. एक बाई ठेवली होती, ती अकरा दिवस टिकली आणि न सांगता निघून गेली. दुसरी मिळत नाही.

तुझ्या वहिनीच्या कमरेचं तुला माहीत आहे. शिवाय तिला ते बघवत नाही, उलट्या होतात. मला दुकान सोडून चालत नाही. तेव्हा असं वाटतं की तू तीन महिन्यांची रजा काढून यावंस. तुला या गोष्टींची सवय आहे. परक्यांचं करतेस, हे तर आपल्या घरचं. मागे जे झालं ते झालं. शेवटी मुलगी ती मुलगी.

कधी येतेस ते कळव.

तुझा,
दादा


९ जानेवारी

दादा,

आशीर्वाद पोचले. कपाटात स्पिरिटच्या बाटलीशेजारी ठेवले आहेत, लागतील तेव्हा काढीन.

तुझं पत्र आधी अप्पांसाठी वाचलं. मग पुन्हा वाचलं, तू कुठे माफी मागितली आहेस का ते बघायला. "मागे जे झालं ते झालं" एवढंच सापडलं. काय झालं होतं ते मी लिहिते, कारण तू विसरला असशील. आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी घरात पंचवीस माणसं जेवायला होती. मी पहाटेच्या गाडीने आले, आंघोळ करून वाढायला उभी राहिले. तू सगळ्यांदेखत माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलंस. "तू राहू दे. दिवसभर लोकांची घाण काढतेस, कुणाला जेवण जायचं नाही." लोक हसले. अप्पा खाली मान घालून ताटाकडे बघत राहिले. त्याच दुपारी शेजारच्या काकूंनी मला विचारलं, "ऑफिसातलं काम बरंय ना?" तेव्हा कळलं की गावभर मी हॉस्पिटलच्या ऑफिसात कारकून आहे. सात वर्षं झाली. लोक गरज सरो वैद्य मरो करतात; तुम्ही तर गरज पडेपर्यंत वैद्याला ऑफिसात बसवून ठेवता.

आता सवयीचं. बावीस वर्षं हे काम करते आहे आणि मला अजून खाकऱ्याची किळस येते. रक्त चालतं, संडास चालते, पू चालतो, पण थुंकायचं भांडं धुववत नाही. आमच्यातल्या प्रत्येकीचं असं एकेक असतं. एकीला कवळी हातात घेववत नाही. आम्ही अदलाबदल करतो, तू माझं थुंकीचं भांडं धू, मी तुझी कवळी धुते. सवय होत नसते, दादा. चेहरा सरळ ठेवायला शिकतो, एवढंच. कारण पलंगावरचा माणूस सगळा वेळ आपल्या नाकाकडे बघत असतो.

तूही दिवसभर लोकांच्या घामट पायांत बूट चढवतोस. पायांची सवय आहे ना, मग जरा वर सरक.

मी येणार नाही. पण विचारते त्याची उत्तरं दे. अप्पांना कुशीवर कोण वळवतं आणि दिवसातून किती वेळा? पाणी गिळताना ठसका लागतो का? लघवीचा रंग कसा आहे? त्यांची पाठ, माकडहाड, टाचा तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यास का?

फोन करू नकोस. फोनवर तू आवाज चढवतोस आणि मी ठेवून देते. कागदावर लिही. कागदावर खोटं लिहिलं तर ते तसंच राहतं.

ठमी


१७ जानेवारी

ठमीस,

तुझं पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवण्यासारखं नव्हतं. बाप अंथरुणाला खिळला आहे आणि तू सात वर्षांपूर्वीचं पातेलं घेऊन बसली आहेस.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. नवी बाई मिळाली आहे, चांगली आहे, सगळं तीच बघते. वळवायचं तीच करते. ठसका कधीमधी लागतो. लघवी कमी होते, रंग गडद असतो. खाणं त्यांनी आपणहून कमी केलं आहे, चमचा पुढे केला की तोंड फिरवतात. त्यामुळे कपडे बदलायचा त्रासही कमी. माकडहाडापाशी जरा लाल आहे, त्यावर पावडर लावतो. मधे दोन दिवस थोडा ताप होता. खोलीत सकाळ-संध्याकाळ सुगंधी फवारा मारतो आणि खिडकी बंद ठेवतो, शेजारच्यांना त्रास नको. दारही लोटलेलं असतं. तेव्हा व्यवस्थित चाललं आहे.

तुला यायचं नसेल तर नको येऊस. नोकरीने माणूस इतका दगड होतो हे माहीत नव्हतं.

दादा


२२ जानेवारी

दादा,

व्यवस्थित चाललेल्या खोलीत सकाळ-संध्याकाळ फवारा मारावा लागत नाही.

जरा लाल, ताप आणि लोटलेलं दार. ते लाल नाही, दादा, ते सडलं आहे. गोडसर वास येत असणार, फळाची पेटी विसरून राहिल्यासारखा. तुझ्या पत्रातून मला तो इथे येतोय. पावडरीने तो जात नाही, पावडर आत जाऊन चिखल होतो.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे एक म्हातारे आले. मुलाने आणलं, कडक इस्त्रीचा शर्ट, नाकाला रुमाल. "थोडं लाल झालंय," तोही असंच म्हणाला. कुशीवर वळवलं तर माकडहाडाच्या जागी मूठ जाईल एवढं भगदाड आणि आत अळ्या वळवळत होत्या. माझ्याबरोबर एक नवी पोरगी होती, नोकरीला लागून तीन आठवडे झालेली. तिने ट्रे खाली ठेवला आणि मोरीकडे धावली. मी चिमट्याने एकेक काढत राहिले. पाच मिनिटांत ती परत आली, डोळे लाल, ओठ पांढरे. मला वाटलं, आता घरी जाते म्हणेल. ती म्हणाली, "सिस्टर, मी दिवा धरते."

पाऊण तास लागला. तो मुलगा दाराबाहेर उभा होता. आम्ही बाहेर आलो तर मला म्हणतो, "हात नीट धुतलेत ना?" मी म्हटलं, "मी धुतलेत. तुम्ही तर केव्हाच धुऊन मोकळे झालात." त्याने मेट्रनकडे तक्रार केली. मेट्रनने मला बोलावलं, लेखी समज दिली आणि मी दाराशी पोचल्यावर म्हणाली, "अजून दोन शब्द बोलायला हवे होतेस."

नंतर ड्रेसिंगच्या खोलीत दार लावून आम्ही दोघी हसलो. इतके घाणेरडे विनोद केले की तुला सांगता येणार नाहीत. बाहेर लोकांना ऐकू गेलं तर म्हणतात, यांना काळीज नाही. ते विनोद नसतील तर दुसऱ्या दिवशी कामावर कुणी येणार नाही.

त्या पोरीला शिकवलं तेच तुला सांगते. मास्क लावायच्या आधी वरच्या ओठावर बाम चोळ. दाढेखाली लवंग धर. तोंडाने श्वास घे. आणि बोलत राहा, काहीही बोल, कालचं गिऱ्हाईक, छपराची गळती. गप्प राहून घाण काढली की त्या माणसाला वाटतं, आपणच घाण आहोत.

माझ्या हॉस्टेलवरची मैत्रीण काडी तुला आठवत असेल, तुमच्याच गावच्या दवाखान्यात नर्स आहे. तिच्याशी मी फोनवर बोलले आहे. पंचवीस तारखेला सकाळी ती डॉक्टरांना घेऊन येईल. तिला "सिस्टर" म्हण. आणि ती नवी चांगली बाई असेल तर तिला त्या दिवशी सुट्टी दे. हातमोजे तू घालायचेस.

ठमी


३० जानेवारी

ठमे,

काडी सिस्टरनी तुला फोनवर सांगितलंच असेल. तरी मी लिहितो. कागदावर राहू दे.

नवी बाई नाही. जुनीही नव्हती. पहिले अकरा दिवस तुझ्या वहिनीने एकटीने केलं. बाराव्या दिवशी वाकली ती सरळ झाली नाही, भिंत धरून बाहेर आली. तिला बघवत नाही, हे मी लिहिलं ते माझं होतं. उलट्या मला होत होत्या. त्यानंतर मी दिवसातून दोनदा आत जायचो, नाकाला रुमाल बांधून, जेवढं वरवर दिसेल तेवढं काढून दार ओढून घ्यायचो.

आणखी एक आहे, ते सिस्टरना माहीत नाही. अप्पांनी खाणं आपणहून कमी केलेलं नाही. मी केलं. अर्धा कप दूध सकाळी, दोन-चार घास संध्याकाळी. पाणी अगदी थोडं. कमी आत गेलं की कमी बाहेर येईल, असा विचार केला. ते चमच्याकडे बघत राहायचे. तोंड मीच फिरवायचो.

पंचवीस तारखेला डॉक्टरांनी काळं झालेलं कापून काढलं. तळहाताएवढं निघालं. सिस्टरनी मला कूस धरायला लावलं होतं. मी धरलं, मग सोडून अंगणात पळालो. त्या मागून आल्या, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "झालं? तोंड धुवा आणि या." रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. मी परत गेलो. अप्पांनी डावा हात डोळ्यांवर आडवा धरला होता. मी अंगणात ओकताना त्यांना सगळं ऐकू आलं असणार.

तुला जे म्हणायचं ते म्हण.

दादा


४ फेब्रुवारी

दादा,

म्हणायचं ते म्हणते.

तू त्यांना उपाशी ठेवलंस. इथे बेवारस म्हणून आणलेली, नाव न सांगता येणारी माणसं असतात, त्यांच्यासाठीही आम्ही चमचा पुढे करतो आणि तोंड उघडायची वाट बघतो. ते कपड्यात करतात, आम्ही बदलतो, पुन्हा चमचा पुढे करतो. शिव्या देत का होईना, पण करतो. माझ्या वॉर्डात कुणी तुझ्यासारखं केलं असतं तर पोलिसांना कळवलं असतं. भाऊ आहेस म्हणून कळवत नाही, आणि त्याची मला लाज वाटते आहे.

तुझं पत्र मी औषधं वाटण्याच्या मधे वाचलं. मग ट्रे त्या पोरीच्या हातात देऊन गच्चीवर गेले. संध्याकाळी बॅग भरली. रजेचा अर्ज लिहिला. आणि फाडला. मी आत शिरले की तू बाहेर उभा राहशील, तुझा रुमाल पुन्हा निघेल.

म्हणून आता ऐक. दर दोन तासांनी पाणी. त्यांना टेकवून बसवायचं, हनुवटी जरा छातीकडे, छोटा चमचा, गिळल्याशिवाय दुसरा नाही. दूध, अंडं, मऊ करून जे खातील ते, पोटभर. ओलं झालं की बदलायचं. पाच वेळा झालं तर पाच वेळा. पाचव्या वेळेला तुझा चेहरा पहिल्या वेळेसारखाच हवा. दर दोन तासांनी कूस. गुडघ्यांच्या मधे उशी, टाचा अधांतरी. खिडकी उघडी. शेजाऱ्यांना वास आला तर येऊ दे, त्यांनाही कळू दे की या घरात एक जिवंत माणूस आहे.

वहिनीला सांग, मी तिच्याबद्दल मनात जे बोलले ते चुकीच्या माणसाला बोलले. तिला पलंगाशी वाकू देऊ नकोस.

ठमी


१९ फेब्रुवारी

ठमे,

जखमेचा रंग आता लाल आहे. खरा लाल, सिस्टर म्हणाल्या ताज्या मांसाचा. वास गेला. चांगल्यापैकी खातात. परवा अंडं संपवून त्यांनी डाव्या हाताने बशी वाजवली, दुसरं हवं म्हणून. मी दुसरं दिलं आणि दुपारी त्याचा हिशेब चुकता झाला. तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अप्पा, गिऱ्हाईक माल परत करतं ते बिल दाखवून, तुम्ही तसाच केलात." त्यांच्या तोंडाची चालती बाजू हलली. हसले असं मी धरून चाललो आहे.

दुकान दुपारी चार तास बंद ठेवतो. शेजारच्या काकूंनी विचारलं, हे सगळं कुणी शिकवलं. मी सांगितलं, माझी बहीण नर्स आहे, वॉर्डात. त्या म्हणाल्या, "म्हणजे ऑफिसात नाही?" मी म्हटलं, "कधीच नव्हती."

आता मला एक बोलू दे. तू म्हणतेस, मी आत शिरले की तू बाहेर उभा राहशील. पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं वाटलं. पण आता तीन आठवडे मी आतच आहे आणि तू अजून येत नाहीस. तुझा तो दोन पानी राग मी अंगाला लावून घेतो, माझ्या वाटणीचा आहे तो. पण सगळाच माझ्या वाटणीचा नाही. पातेलं मी काढून घेतलं, ते माझं. ऑफिसचं खोटं माझं नाही. तू नर्सिंग शिकायला गेलीस त्याच आठवड्यात अप्पांनी दुकानात एका गिऱ्हाइकाला सांगितलं, "मुलगी हॉस्पिटलच्या ऑफिसात लागली." मी शिडीवर चढून खोकी काढत होतो. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. तेवढंच. त्या दिवसापासून मीही तेच सांगत आलो.

हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तुझा राग माझ्यावर होता तोवर अप्पा तुझ्या मनात बरे होते. आता ते झोपून आहेत, आणि मला एकट्याने हे वागवायचा कंटाळा आला आहे.

दादा


२८ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहिलं होतं, "खोटं आहे," एवढंच. ते टाकलं नाही. खोटं असतं तर तुला शिडी सुचली नसती.

तुला रागावणं सोपं होतं. तू धडधाकट आहेस, उलटून बोलतोस. आता ज्याला रागवायचं तो कूसही बदलू शकत नाही. तू मला बरंच काम लावलंस.

आणि तुझं बरोबर आहे, मी पळत होते. परक्याला उघडं करताना माझा हात थांबत नाही. अप्पा सकाळी सातला कडक कॉलरचा शर्ट घालून दुकानाच्या पायरीवर उभे असायचे. त्यांचं धोतर मी कधी वाळतही घातलं नाही, आई घालू द्यायची नाही. त्यांना तसं बघायची मला भीती वाटते. किळस म्हण हवं तर. बावीस वर्षं लोकांना शिकवते आहे की किळस येण्यात लाज नाही, आणि स्वतःची मात्र दोन महिने तुझ्या माथी मारली.

वीस मार्चला येते. सात दिवस.

ठमी


२९ मार्च

दादा,

पोचले. कालपासून कामावर आहे.

गुरुवारी तुम्ही दोघं वहिनीची कंबर दाखवायला गेलात तेव्हा घरात काय झालं, ते मी तिथे सांगितलं नाही. तू विचारलंस, डोळे असे का? मी म्हटलं, फिनेल. फिनेलने डोळे इतके सुजत नाहीत, हे बुटांच्या दुकानदारालाही कळत असणार.

आल्यापासून तूच सगळं करत होतास आणि मी दारात उभी राहून बघत होते. तू एकदाही "जरा धर" म्हटलं नाहीस. चादर बदलताना तू त्यांना अजून ओढतोस, ओढायचं नसतं, सरकवायचं असतं. पण तुझा चेहरा सरळ राहतो. माझा पाय आत पडत नव्हता.

तुम्ही गेल्यावर अर्ध्या तासाने त्यांनी पलंगाची कड वाजवली. तुला बोलवायला वाजवतात तशी. मी गेले. दारातच कळलं. पातळ झालं होतं, पाठीपर्यंत पसरलं होतं, आणखी थोड्या वेळात ड्रेसिंगच्या आत गेलं असतं. मला बघून त्यांनी डाव्या हाताने चादर घट्ट धरली. "दा," म्हणाले. मी म्हटलं, दादा नाहीये, मी आहे. पुन्हा "दा." मग "जा."

मला माणसांनी थुंकून जा म्हटलंय, लाथ मारून म्हटलंय. एकाने जेवणाचं ताट फेकलं होतं. घरी जाऊन जेवले होते मी त्या दिवशी, झोपलेही होते. अप्पांचा तो एका अक्षराचा "जा" मात्र सहन झाला नाही. मी त्यांची बोटं चादरीवरून एकेक सोडवली. म्हटलं, "अप्पा, ही घाण आहे आणि मी घाण काढते. हेच काम आहे माझं. ज्या मुलीला तुम्ही ऑफिसात बसवलीत ती आज आली नाही."

मग मला थांबता आलं नाही. हात आपलं करत होते, कोमट पाणी, पुसणं, कोरडं करणं, नवी चादर अर्धी गुंडाळून पाठीखाली सारणं. एकदाही ओढलं नाही, जोर लावला नाही. तोंड मात्र वेगळंच करत होतं. म्हटलं, नोकरीच्या पहिल्या महिन्यात एका माणसाने माझा हात धरून जीव सोडला. मी दोन गाड्या बदलून ते तुम्हाला सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, जेवायच्या वेळी नको. त्यानंतर बावीस वर्षं झाली, तुमची जेवायची वेळ अजून चालूच आहे. म्हटलं, दादाने माझ्या हातातलं पातेलं घेतलं तेव्हा तुम्ही नुसतं "अरे" म्हणाला असतात तरी मी सात वर्षं घरी येत राहिले असते. तेव्हा बोलता येत होतं तुम्हाला.

हे बरोबर नव्हतं. कुशीवर वळवलेला माणूस, भिंतीकडे तोंड, उठून जाता येत नाही, उत्तर देता येत नाही. अशाला काही बोलायचं नसतं, हे मी नव्या पोरींना पहिल्या दिवशी सांगते. एखादी माझ्यासमोर अशी बोलली असती तर मी तिला वॉर्डाबाहेर काढली असती. मला ते कळत होतं. तरी बोलले.

सगळं झाल्यावर त्यांना उताणं केलं, उशी दिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. या झटक्यानंतर ते तसंही येतं, त्यावरून काही धरून चालायचं नसतं. मी हातमोजे काढले, बादली उचलली आणि निघाले. मागून आवाज आला. "बो." मला वाटलं, तोंड पुसायला बोळा हवा. बोळा दाखवला. मान हलवली, नको. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा शेवटचं अक्षर निघालं.

"बोल."

मी म्हटलं, "काय बोलू? झालं माझं बोलून."

त्यांनी डावा हात उचलला आणि स्टुलाकडे दाखवलं. "बोल."

मी बादली धुतली, कोपरापर्यंत हात धुतले, परत येऊन स्टूल ओढलं. आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागले. पहिलं बेडपॅन, पहिलं प्रेत, कुठे ओकले, कुणी शिव्या दिल्या, कोण बरा होऊन चालत गेला. जेवायच्या वेळी सांगू नये असलंच सगळं. एका ठिकाणी मीच थांबले, फारच घाण होतं म्हणून. त्यांनी पलंगाची कड वाजवली.

अंगणात तुमचे आवाज आले तेव्हा मी दुसऱ्या वर्षापर्यंतच पोचले होते.

राग गेलेला नाही. तुझ्यावरचा नाही आणि त्यांच्यावरचाही नाही. पण पुढच्या महिन्यात आठ दिवसांची रजा टाकली आहे. मेट्रनने विचारलं, "वडील जास्त आहेत का?" मी म्हटलं, "नाही, सुधारताहेत. मला बोलायचं आहे."

ठमी